बरणीतली चिठ्ठी आणि गावातला हापसा

तहसील कचेरीचं सभागृह. खुर्च्या कमी, माणसं जास्त. पुढच्या टेबलावर प्लास्टिकची पारदर्शक बरणी आणि तिच्यात सारख्या आकाराच्या, सारख्याच घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. गणवेशातल्या एका शाळकरी मुलीला पुढे बोलावलं जातं. ती हात घालून एक चिठ्ठी काढते. अधिकारी ती उलगडून सगळ्यांना दिसेल अशी धरतात आणि गावाचं नाव पुकारतात. सरपंचपद सर्वसाधारण महिला! मागच्या रांगेत कुणीतरी कपाळावर हात मारून घेतो. वर्षभर जेवणावळी घातल्या, वाढदिवसाचे बॅनर लावले, भावकीची मनं वळवली आणि एका कागदाच्या तुकड्यानं सगळं गणित संपवलं.

आपल्याला या दृश्याची इतकी सवय झाली आहे की त्यातलं आश्चर्य दिसेनासं झालंय. जिथे बांधावरच्या हातभर जमिनीसाठी तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तिथे गावच्या सत्तेची खुर्ची यंदा बाईकडे जाणार की नाही, हे एका लहान मुलीच्या हाताला ठरवू द्यायचं! कुठल्या पुढाऱ्याची शिफारस नाही, कुठल्या गावाची लायकी तपासणं नाही. गाव पुढारलेलं असो की कर्मठ, बरणीत सगळ्यांची चिठ्ठी सारखीच.

हे आलं ७३व्या घटनादुरुस्तीतून. २४ एप्रिल १९९३ रोजी ती लागू झाली आणि पंचायतींमधल्या किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. फक्त सदस्यांच्याच नव्हे, सरपंचांच्या आणि वरच्या स्तरांवरच्या अध्यक्षपदांच्याही. शिवाय हे आरक्षण फिरतं ठेवलं. आज तुमच्या गावी, पुढच्या खेपेला शेजारच्या. बिहारनं २००६ साली हा वाटा निम्म्यावर नेला, महाराष्ट्रानं २०११ साली. आज देशभरातल्या पंचायतींत निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या साडेचौदा लाखांच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या जेवढी भरली, जवळपास तेवढी. बाप्ये, बाया, म्हातारी, पोरंटोरं धरून जेवढा गोवा, तेवढ्या आपल्या देशात फक्त पंचायतीतल्या निवडून आलेल्या बाया!

पण खरी गंमत पुढे आहे. चिठ्ठी काढायची पद्धत ठेवली ती वशिलेबाजी टाळायला. तिच्यातून भलतंच काही हाती लागलं.

नवं बियाणं चांगलं की जुनं, हे शेतकऱ्याला कसं कळतं? काळ्या कसदार रानात नवं पेरलं आणि मुरमाड तुकड्यात जुनं, तर उत्तर पेरणीआधीच ठरलेलं असतं. पिकाचं श्रेय बियाण्याचं की मातीचं, ते सांगता येत नाही. त्यासाठी एकाच रानाचे तुकडे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यात कुठलं बी पडणार हे नाणं उडवून ठरवायचं.

आता बाई सरपंचांचं बघा. आरक्षणाच्या आधी पश्चिम बंगालात शंभर पंचायतींमागे जेमतेम सहा-सात ठिकाणी स्त्री प्रधान, म्हणजे तिथली सरपंच, असे. तिथलं पाणी, तिथले रस्ते चांगले दिसले तरी काय सिद्ध होणार? जे गाव १९९०च्या सुमारास आपणहून बाईला निवडून देतं, ते मुळातच वेगळं असणार. बाईनं गाव सुधारलं की सुधारलेल्या गावानं बाई निवडली, हा गुंता सुटायचा नाही. चिठ्ठीला मात्र गावाचा स्वभाव ठाऊक नसतो. तिनं देशातल्या हजारो गावांची आंधळेपणानं दोन ढिगांत वाटणी केली. मग दोन्ही ढिगांत जो फरक दिसेल, त्याचं कारण एकच उरतं. खुर्चीत कोण बसलं होतं! अब्जावधी रुपये ओतून कुठल्या विद्यापीठाला जो प्रयोग उभा करता आला नसता, तो राज्यघटनेनं सहज, नकळत उभा केला.

हे ज्यांच्या ध्यानात आलं त्यांत दोन नावं आहेत: कोलकात्याच्या आयआयएमचे राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो. डुफ्लो यांना पुढे २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या दोघांनी दोन जिल्हे निवडले, बंगालातला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर. राजस्थानात सोडत होती. बंगालात पंचायतींची अनुक्रमांकानुसार यादी करून ठरावीक अंतरानं नावं उचलली जात. पद्धत वेगळी, पण मर्जीला वाव दोन्हीकडे नाही. एकूण २६५ पंचायतींची पाहणी झाली आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यांनी प्रश्न किती साधा विचारला बघा. गाऱ्हाणं घेऊन पंचायतीत कोण येतं आणि कशाचं? बायकांची आणि पुरुषांची गाऱ्हाणी त्यांनी वेगवेगळी मोजली. मग गावात फिरून पाहिलं की पैसा प्रत्यक्षात कुठे गेला. विहिरी, हातपंप, नळ, रस्ते, शाळा.

दोन्ही जिल्ह्यांत बायकांच्या गाऱ्हाण्यांत पिण्याचं पाणी वर होतं. आणि जिथे चिठ्ठीनं बाई बसवली होती, त्या पंचायतींत पाण्यावर जास्त काम झालेलं सापडलं. इथे कुणी म्हणेल, यात नवल ते काय, बाईला पाण्याचं महत्त्व कळणारच. थांबा, रस्त्यांचं ऐका. उदयपूरमध्ये स्त्री प्रधान असलेल्या पंचायतींत रस्त्यांवरचं काम कमी झालं, बीरभूममध्ये मात्र वाढलं. एकाच देशातल्या, एकाच कायद्याखालच्या बाया, मग उलटसुलट कशा वागल्या?

उत्तर गाऱ्हाण्यांच्या यादीतच होतं. उदयपूरकडे मजुरीसाठी बाहेरगावी जाणारे पुरुष, म्हणून रस्ता ही पुरुषांची मागणी. बीरभूममध्ये रस्त्याच्या कामावर बायकांना मजुरी मिळे, म्हणून तिथे रस्ता ही बायकांचीही मागणी. प्रत्येक ठिकाणी स्त्री प्रधानांनी आपल्या गावातल्या बायका जे मागत होत्या, तेच केलं. मला हा सगळ्या अभ्यासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. स्त्रीस्वभाव, मातृहृदय असल्या मोघम गोष्टींचा इथे काही संबंध नाही. गावातल्या अर्ध्या माणसांचं म्हणणं आजवर कार्यालयाच्या दारातच अडकत होतं. दार उघडलं, ते आत आलं आणि बजेटात जाऊन बसलं.

जरा जवळून पाहू. हापशाचा वॉशर झिजतो. दांडा हाणून हाणून हात भरून येतात आणि पाणी येतं ते धारेनं नाही, थेंबाथेंबानं. दुरुस्तीचा खर्च फार नसतो. पण तो मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर यायला लागतो, कुणीतरी सूचक व्हावं लागतं, कुणीतरी अनुमोदक, मग ग्रामसेवक इतिवृत्ताच्या वहीत ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असं लिहितो आणि मग पाना घेऊन मेकॅनिक येतो. सभेला बसलेल्या नऊ जणांपैकी एकानंही आयुष्यात डोक्यावर हंडा घेतला नसेल, तर तो वॉशर विषयपत्रिकेवर येणार कसा? ते सदस्य दुष्ट असतात असं नाही. त्यांच्या दिवसात तो हापसा येतच नाही. राज्यकारभार स्त्रियांच्या बाजूनं संवेदनशील हवा, असं मोठ्या परिषदांतून सांगितलं जातं. त्याची पहिली पायरी मला त्या इतिवृत्ताच्या वहीत दिसते.

आता तो नेहमीचा आक्षेप. ‘सही बाईची, कारभार नवऱ्याचा.’ सरपंचपती हा प्राणी महाराष्ट्राला नवा नाही. सभेत मधल्या खुर्चीत तोच बसतो, फोन तोच उचलतो, शिक्का त्याच्याच खिशात असतो. हे खरं आहे आणि हे संतापजनक आहे. बीरभूमच्या पाहणीतही राखीव जागेवर आलेल्या प्रधान कमी शिकलेल्या, गरीब आणि अननुभवी होत्या, आणि कारभारात नवऱ्याची मदत होते असं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं होतं. पण मग मला सांगा, सगळं नवरेच करत असते तर पैसा बायकांच्या गाऱ्हाण्यांकडे का वळला? नवऱ्यांचा प्राधान्यक्रम तर जुन्या प्रधानांचाच असायला हवा होता. शिक्षण कमी, पैसा कमी, डोक्यावर नवऱ्याची सावली, आणि तरीही पाण्याचं काम झालं! गावसभेतल्या उपस्थितांत बायकांचा वाटाही शंभरात सातावरून दहापर्यंत गेला. लहान आकडा आहे. पण ज्या बाईनं आजवर सभेच्या मंडपाबाहेर उभं राहून ऐकलं, तिच्या बाजूनं हा आकडा पाहा.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९७९ रोजी स्त्रियांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, तो सीडॉ या नावानं ओळखला जातो. त्याच्या १४व्या कलमात काय आहे? ग्रामीण स्त्रिया. त्यांना विकासाच्या नियोजनात सर्व पातळ्यांवर भाग घेण्याचा हक्क आहे, असं ते कलम म्हणतं, आणि पुढे निवारा, स्वच्छता, वीज, वाहतूक आणि पाणीपुरवठा मोजून सांगतं. न्यूयॉर्कमधल्या काचेच्या इमारतीत मंजूर झालेल्या मानवी हक्कांच्या करारात खेड्यातल्या बाईच्या पाण्याची तरतूद! त्याच कराराचं चौथं कलम सांगतं की समानता लवकर यावी म्हणून तात्पुरते खास उपाय केले, तर तो भेदभाव ठरत नाही. आपलं आरक्षण नेमकं त्यातलं. आणि भारतानं या कराराला अंतिम मान्यता कधी दिली? ९ जुलै १९९३. पंचायतीचं आरक्षण लागू झाल्यावर अकरा आठवड्यांनी.

पण हे सगळं दिल्लीहून किंवा न्यूयॉर्कहून उतरलं असं कुणी समजू नये. १९७४ साली भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा जो गाजलेला अहवाल आला, वीणा मजुमदार ज्या समितीच्या सदस्य-सचिव होत्या, त्यानं खेड्यांत स्त्रियांच्या स्वतंत्र पंचायती स्थापन करण्याची शिफारस केली होती. महाराष्ट्रात नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात लाखोंच्या संख्येनं शेतकरी बाया जमल्या आणि पंचायती स्त्रियांनी हातात घ्यायचा विचार पुढे आला. मग जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावानं, घटनादुरुस्तीचं नाव नसताना, अख्खी ग्रामपंचायत बायकांची निवडून आणली. याच चळवळीतून लक्ष्मीमुक्ती आली. ज्या गावातले किमान शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करतील, ते गाव लक्ष्मीमुक्त. सातबाऱ्यावर बायकोचं नाव आपल्या हातानं चढवायला चावडीवर गेलेले नवरे डोळ्यांसमोर आणा! १९९० साली महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत ३० टक्के आरक्षण आणलं. म्हणजे देशाचा कायदा झाला तेव्हा आपल्याकडे बाया खुर्चीवर बसलेल्या होत्या.

आता त्या खुर्चीसमोर बसलेल्या माणसांच्या डोक्यात शिरू.

डुफ्लो, चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीरभूमच्या ४९५ खेड्यांत एक युक्ती केली. गावकऱ्यांना एक ध्वनिमुद्रित भाषण ऐकवलं. गावकऱ्याच्या तक्रारीला प्रधान उत्तर देतो आहे, असं ते भाषण. शब्द तेच, मुद्दे तेच. फरक एवढाच की काहींना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवलं, काहींना बाईच्या. आणि विचारलं, हा प्रधान कसा वाटला?

ज्या गावांनी कधीच स्त्री प्रधान पाहिली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. तेच वाक्य, तोच तर्क, पण बाईनं उच्चारलं की हलकं. चिठ्ठीनं ज्या गावांना आधी स्त्री प्रधान दिली होती, तिथे हा फरक पुसला गेला होता. पुरुष दोन्ही आवाजांना सारखंच तोलत होते! आणि याहूनही विलक्षण म्हणजे, ‘तुम्हाला प्रधान पुरुष हवा की बाई?’ असं सरळ विचारलं की याच पुरुषांचं उत्तर बदललेलं नव्हतं. पुरुषच बरा, असंच ते म्हणत होते. तोंडावर जुनी आवड तशीच, पण कान मात्र बदललेले. माणसाचं मत आणि माणसाची पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पारख आधी बदलते, हे इतकं स्वच्छ दाखवून देणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

याला वेळ लागतो, हेही तिथेच दिसलं. लागोपाठ दोनदा पद राखीव झालेल्या गावांत त्यानंतर बायका खुल्या जागांवर उभ्या राहू लागल्या आणि निवडून येऊ लागल्या. पहिल्या खेपेनंतर हे फारसं घडलं नव्हतं. पहिली बाई सोसते, असं म्हणावं लागेल. डुफ्लो आणि पेटिया टोपालोव्हा यांच्या आणखी एका अभ्यासात सापडलं की स्त्री प्रधानांच्या गावांत पाण्याच्या सोयी जास्त होत्या, त्यांचा दर्जा निदान तेवढाच चांगला होता, लाच कमी द्यावी लागत होती, आणि तरीही गावकरी जास्त नाराज होते. नळ आला, पैसे खाल्ले गेले नाहीत, पण शाबासकी नाही. हे वाचताना राग येतो, आणि अशा वातावरणात पाच वर्षं काम रेटणाऱ्या बायांबद्दल आदर वाटतो.

पुढचं आश्चर्य पोलीस ठाण्यातलं आहे आणि ते पहिल्यांदा वाचलं की दचकायला होतं. लक्ष्मी अय्यर, आनंदी मणी, प्राची मिश्रा आणि टोपालोव्हा यांनी वेगवेगळ्या राज्यांत पंचायत आरक्षण कधी लागू झालं आणि त्यानंतर गुन्ह्यांचे आकडे कसे हलले, हे तपासलं. स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांची नोंद चाळीस टक्क्यांहून जास्त वाढलेली निघाली. वाढलेली! मग बाया सत्तेत आल्या म्हणून त्यांच्यावरचे अत्याचार वाढले की काय?

त्यांनी धागा सोडला नाही. ज्या गुन्ह्यांचा स्त्रियांशी संबंध नाही, त्यांत अशी वाढ नव्हती. स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांत अटका मात्र वाढल्या होत्या. वाढले होते ते गुन्हे नव्हते, फिर्यादी वाढल्या होत्या. मार तर आधीही खाल्ला जात होता, पण तो स्टेशन डायरीत पोचत नव्हता. आता फिर्याद घेऊन जायचं धाडस होत होतं आणि ठाण्यातही तिची दखल घेतली जात होती. एखाद्या जिल्ह्यात हा आकडा वर चढला की आपण हळहळतो. तो कधीकधी बायकांची भीती उतरल्याचा आकडा असतो, हे यापुढे वर्तमानपत्र वाचताना ध्यानात ठेवा.

आणि आता मुली. त्याच ४९५ खेड्यांत ११ ते १५ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलामुलींना आणि त्यांच्या आईबापांना विचारलं गेलं: शिक्षण कुठवर? लग्न कधी? मोठेपणी काय करायचं? गावची प्रधान व्हायला आवडेल? आईबापांच्या उत्तरांत मुलीच्या कामधंद्याविषयी एक ठरलेलं उत्तर असे, सासरचे म्हणतील ते. बारा वर्षांची पोर, सासर अजून ठरायचं आहे, आणि तिची स्वप्नं मात्र आधीच त्या अनोळखी माणसांच्या नावावर केलेली!

जिथे लागोपाठ दोनदा पद स्त्रीसाठी राखीव झालं होतं, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याविषयीच्या आकांक्षांमधली दरी आईबापांच्या बाबतीत २० टक्क्यांनी आणि मुलामुलींच्या स्वतःच्या बाबतीत ३२ टक्क्यांनी आटली होती. शिक्षणातला फरक तर नाहीसाच झाला होता. मुलींचा घरकामात जाणारा वेळ कमी झाला होता. लक्षात घ्या, या मुलींसाठी गावात नवं कॉलेज उघडलं नव्हतं, नोकऱ्या आल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच पाहिलं होतं की आपल्यासारखीच, आपल्याच गल्लीतली एक बाई कार्यालयात खुर्चीवर बसते आणि माणसं तिच्यासमोर कागद घेऊन उभी राहतात. मुलींच्या शिक्षणासाठी सरकारं किती योजना आखतात! आणि इथे मुलींच्या योजनेचं नावही नसलेल्या एका तरतुदीनं हे काम जाता जाता करून टाकलं. मुलीच्या मनाला किती कमी खतपाणी पुरतं, आणि तेवढंही आपण किती पिढ्या दिलं नाही.

महाराष्ट्राचा कायदाही अनुभवातून शहाणा होत गेला. राखीव पदावरच्या बाईवर अविश्वास आणून तिला खाली खेचायची जुनी खोड, म्हणून एरवी दोन-तृतीयांश मतांनी मंजूर होणारा अविश्वास ठराव राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्ध असेल तर तीन-चतुर्थांश मतं लागतील, असं ठरवलं गेलं. नऊ मतांच्या पंचायतीत सहाऐवजी सात. ते एक मत जमवताना कितीतरी कट विस्कटले असतील. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यायची, अशीही तरतूद आहे, कारण भरल्या ग्रामसभेत सासऱ्यासमोर आणि दिरासमोर तोंड उघडणं किती अवघड, हे कुणीतरी ओळखलं.

सगळंच चांगलं आहे असं मात्र नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सदस्यत्व जातं. मूल किती आणि कधी, हे ज्या घरात बाईला विचारलं जात नाही, त्या घरात त्या निर्णयाची शिक्षा मात्र तिच्या पदाला होते. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. अतिक्रमणाचं कलमही असंच बायकांवर उलटतं. जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांना, त्या सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात या आरोपावरून अपात्र ठरवलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं ती अपात्रता रद्द केली. बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही, त्यातलाच हा प्रकार दिसतो, असं न्यायालयानं नोंदवलं आणि अधिकाऱ्यांच्या बेफिकिरीवरही बोट ठेवलं. एका खेड्यातल्या सरपंचपदासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठानं एवढा वेळ दिला, हेही या गोष्टीतलं एक नवलच.

शेवटचा प्रश्न राहतो तो कुबडीचा. आरक्षणाच्या कुबडीवर चालायची सवय लागली तर ती काढल्यावर बाया पडतील, असं कैकदा ऐकलं आहे. कुबडी काढून पाहिल्याशिवाय कळणार कसं? पण आरक्षण फिरतं असल्यामुळे ती तर दर निवडणुकीला काढलीच जाते! रिखिल भावनानी या राज्यशास्त्रज्ञानं हेच हेरलं आणि त्यासाठी निवडलं आपलं मुंबई शहर. १९९७च्या महापालिका निवडणुकीत काही प्रभाग सोडतीनं स्त्रियांसाठी राखीव झाले. २००२ साली त्यांतले अनेक खुले झाले. मग पुरुषांनी आपली जागा परत घेतली का?

पुष्कळ ठिकाणी घेतली. पण जो प्रभाग मागच्या खेपेला राखीव होता, तिथे आता खुल्या लढतीतही स्त्री निवडून येण्याची शक्यता, तेव्हा राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाचपट निघाली. आरक्षण उठून गेलं होतं, पण त्यानं केलेलं काम मागे राहिलं होतं. पाच वर्षांत एका नगरसेविकेनं चाळींच्या गटाराचे, नळांच्या कनेक्शनचे, रेशनकार्डांचे अर्ज हाताळले होते. मतदारांनी तिला मत देऊन पाहिलं होतं. आणि उमेदवारीची यादी करायला बसलेल्या पक्षाच्या माणसाला, जो पूर्वी ‘बाई निवडून येत नाही’ म्हणून नाव खोडायचा, त्याला समोरच्या कागदावर तिला मागच्या वेळी पडलेली मतं दिसत होती. मतं मोजणं हाच त्याचा धंदा, त्यानं तिकीट दिलं.